सेकुंडुसचा किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर येतो. चढताना लागलेली धाप, वर ताक विकणाऱ्या बाया, दोन बुरूज आणि पाण्याचं एक टाकं. आमच्या घरमालकांनी मला पहिल्याच रविवारी जो किल्ला दाखवला, तिथे यातलं काहीही नव्हतं. एक सपाट कुरण होतं. गुडघ्याएवढं गवत, कडेला चेरीची तीन झाडं आणि पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर. मी सरळ गवतात पाय टाकला, तर घरमालक मागून ओरडले, "हाल्ट! तुम्ही भिंतीतून चाललात!"

मी थांबले. पुढे भिंत नव्हती, मागेही नव्हती.

"दरवाजा तिकडे आहे," ते म्हणाले आणि काठीने शंभरएक पावलांवरची एक जागा दाखवली. तिथलं गवत इतर गवतासारखंच होतं. आम्ही कडेकडेने तिथवर चालत गेलो आणि त्या जागेतून 'आत' शिरलो. शिरताना त्यांनी टोपी काढली. मगच मला हवं तिथे हिंडायची परवानगी मिळाली. पुढच्या तीन वर्षांत त्या कुरणात मी कितीदा गेले असेन कोण जाणे, पण भिंतीतून एकदाही गेले नाही. आधी हसू यायचं. नंतर माझेच पाय आपोआप दरवाजाकडे वळू लागले. एकदा तर न्युरेम्बर्गहून आलेल्या मैत्रिणीला मीच ओरडले, "अगं, भिंत आहे तिथे!" तिने काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचे. माझी नोकरी न्युरेम्बर्गला होती आणि शहरात घर मिळत नव्हतं. जर्मनीत घर शोधणं ही दुसरी नोकरीच असते. अर्ज करा, कागद जोडा, मुलाखतीला जा, आणि मग 'कळवतो' या शब्दाची वाट बघत बसा. अशा वेळी एका लहानशा स्थानिक पेपरात जाहिरात दिसली: वरचा मजला, शांत माणूस हवा, रोमन लोकांबद्दल तिटकारा नसावा. मला रोमन लोकांबद्दल तिटकारा नव्हता, प्रेमही नव्हतं. रेल्वेने पाऊण तास आणि पुढे बसने वीस मिनिटं असं जाऊन मी त्या खेड्यात उतरले.

माझ्या कागदांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ऐंशी ओलांडलेले, उंच, किंचित डावीकडे झुकून चालणारे गृहस्थ. स्वयंपाकघरात बसवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात कुणी सीमेवर होतं का?"

म्हटलं, "बाबा होते. बावीस वर्षं फौजेत. त्यातली बरीच बर्फात."

"किती उंचीवर?"

आता हे मला काय ठाऊक! मी तिथूनच दापोडीला फोन लावला. बाबा दुपारची झोप काढून उठत होते. "उंची कशाला पाहिजे घरमालकाला?" म्हणाले, पण फुटांत आकडा सांगितला. मी तो जर्मनमध्ये सांगताच या गृहस्थांनी डोळे मिटून मनातल्या मनात त्याचे मीटर केले आणि किल्ली टेबलावर ठेवली. मीटफरट्राग, म्हणजे भाडेकरार, त्यावर सह्या नंतर आठवड्याने झाल्या.

चाळीस वर्षं त्यांनी भूमापन खात्यात काढली होती. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण माणूस काही मोजायचा थांबला नव्हता. घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या आणि सतरावी दोन सेंटिमीटरने ठेंगणी होती. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यालाही ते सांगायचे. दुसऱ्याच्या घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे. मी "साधारण सातला येते" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर आठ्या उमटत. "साधारण? साधारण हे माप नाही." आणि मग ते नेहमीचं वाक्य, "बिंदू एक तर असतो, नाहीतर नसतो." हे वाक्य ते बेकरीत म्हणत, बसस्टॉपवर म्हणत, आणि एकदा सरपंचाच्या भाषणानंतर सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले.

दाराजवळ एक लाकडी चकती टांगलेली असायची. रोमन छावणीत रोज संध्याकाळी परवलीचा शब्द बदलत, म्हणून हेही बदलत. खडूने चकतीवर लिहीत आणि मी सकाळी कामाला निघताना वाचून जायचं. परत आल्यावर आतून आवाज येई, "पारोले?" शब्द आठवला नाही तरी दार उघडायचे, पण दुखावल्यासारखे. पुढे मला विचारून मराठी शब्द लिहायला लागले. कढीपत्ता, भाकरी, खडकी. पत्र टाकायला येणारी बाईसुद्धा एक दिवस फाटकातून ओरडली, "कढीपत्ता!" हे खिडकीत उभे राहून इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी तिला बरणीभर आंबवलेल्या काकड्या दिल्या.

आता सेकुंडुसचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे गृहस्थ म्हणजे नुसता एक विक्षिप्त म्हातारा उरतो.

रोमन साम्राज्याची उत्तरेकडची सरहद्द या गावावरून जात होती. तिच्यावर ठरावीक अंतरांवर अशा छावण्या होत्या. त्यांची मूळ नावं काळाच्या पोटात गेली, म्हणून बहुतेकींना आज जवळच्या गावाचं नाव आहे. आमच्या कुरणाला मात्र नकाशात माणसाचं नाव होतं, सेकुंडुस-कास्टेल. सेकुंडुसचा किल्ला. इथे एक थडग्याचा दगड सापडला होता आणि त्यावर एका साध्या शिपायाचं नाव कोरलेलं होतं. अठरा वर्षं चाकरी केली, चाळीस वर्षं जगला, सोबत्याने दगड उभारला. बस, एवढंच. ना लढाई, ना पराक्रम.

एवढ्याशा मजकुरावर आमच्या घरमालकांनी अख्खा माणूस उभा केला होता, आणि तोही वर्तमानकाळात. "आज धुकं आहे, सेकुंडुसचे गुडघे धरणार." "सेकुंडुसला बार्लीची पेज आवडत नाही, पण सांगणार कुणाला?" शाळांच्या सहली आल्या की हे मुलांच्या बुटांत एकेक खडा टाकायला लावायचे आणि किल्ल्याला एक फेरी मारवायचे. "असं अठरा वर्षं," म्हणायचे. मुलं कुरकुरायची, पण विसरत नसावीत. मी पहिला हिवाळा तिथे काढला तेव्हा घरच्या आठवणीने फार रडत असे. एकदा त्यांना ते ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सेकुंडुसही दक्षिणेकडचा आहे. पहिला हिवाळा त्यालाही असाच गेला." खरं सांगते, मला त्याने बरं वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा कोण कुठला शिपाई, पण खिडकीतून त्या काळ्या कुरणाकडे पाहताना वाटायचं की आपण दोघं इथे बाहेरचे आहोत.

दोन गोष्टी तेव्हा माझ्या लक्षात आल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लागला नव्हता. मुलांनी "तो इथे कुठे पुरला होता?" असं विचारलं की हे खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचे. आणि तो दगड तालुक्याच्या वस्तुसंग्रहालयात होता, तिथे हे मुलांना दारापर्यंत नेत, पण आत जात नसत. बाहेरच्या बाकावर डब्यातली काकडी खात बसत. गुडघ्यांचं दुखणं असेल, असं मी समजत होते.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बाबा आले. आई बहिणीच्या बाळंतपणात अडकली होती, म्हणून एकटेच आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. पहिल्या सकाळी खाली उतरले आणि घरमालकांपुढे हात जोडून म्हणाले, "जय भीम." घरमालकांनी अतिशय गंभीरपणे मान लववली, चकती काढली, पुसली, आणि मला स्पेलिंग विचारून त्यावर ते लिहिलं. मग विचारलं, याचा अर्थ काय? म्हटलं, हा एका दिवसाचा शब्द नाही, बदलता येणार नाही. आणि नाश्त्याला बसून मी सगळं सांगितलं, पाणवठ्यापासून राज्यघटनेपर्यंत. ते वहीत टिपत होते. त्या दिवसापासून बाबा तिथे असेपर्यंत चकतीवरचा शब्द बदलला नाही.

भाषा एकालाही दुसऱ्याची येत नव्हती. बाबा त्यांना 'सर्वेसाहेब' म्हणायचे. दोघं बागेत तासन् तास बसायचे. बाबा मराठीत बोलायचे, ते जर्मनमध्ये. मध्ये मध्ये दोघंही "या, या", म्हणजे जर्मनमधलं हो हो, करत माना डोलवायचे. मी कामावरून आल्यावर विचारलं, "काय बोललात?" तर बाबा म्हणाले, "त्यांचा दात दुखतोय, उजवीकडचा." आणि ते खरं निघालं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. सात आठवडे एक थेंब नाही. बाग करपली, ओढा आटला. एका रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या दारावर काठी आपटली. "आल्झो, उठा! भिंती आल्या!"

आम्ही तसेच अंथरुणातून उठून त्यांच्यामागे निघालो. गावामागच्या उतारावर शिकाऱ्यांचं एक लाकडी मचाण होतं, त्याच्या शिडीवर ते आधी चढले. मग बाबा, मग मी. सूर्य नुकताच वर आला होता. खाली कुरण होतं, आणि कुरणात किल्ला होता.

खोटं नाही सांगत. जिथे जमिनीखाली भिंतींचे पाये होते तिथे माती कमी, म्हणून गवत आधी वाळलेलं. हिरव्यावर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. गोलसर कोपऱ्यांचा मोठा चौकोन, चार बाजूंना चार दरवाजे, मधून रस्ते, रस्त्यांच्या कडेला खोल्यांच्या रांगा. तीन वर्षं ज्या 'दरवाजा'तून मी शिरत होते, तो नेमका तिथेच होता. कुणीतरी जमिनीच्या आतून कागदावर दाब देऊन चित्र काढावं तसं ते सगळं शांतपणे वर आलं होतं. त्यावरून एक कोल्हा चालत गेला, पूर्वेकडच्या दरवाजातून आत, पश्चिमेकडच्या दरवाजातून बाहेर. इतके दिवस मी या माणसाला मनातून वेडा समजत होते, त्याची मला लाज वाटली.

पहिले बाबाच बोलले. "अगं, हे तर कँटोन्मेंट आहे! तो बघ क्वार्टर गार्ड. त्या बराकी. मधोमध सीओ साहेबांचं ऑफिस, आणि लंगर तिकडं कडेला असणार, धूर वाऱ्याबरोबर बाहेर जावा म्हणून." मी भाषांतर करत गेले आणि घरमालकांचा चेहरा उजळत गेला. लंगर तिथेच होता म्हणे. खापरं मिळाली होती.

खाली उतरून आम्ही दरवाजातून आत गेलो आणि पिवळ्या रेघांच्या मध्ये बसलो. बाबांनी विचारलं, हा किल्ला कुणाच्या नावाचा? मी सेकुंडुसचं सांगितलं. बाबांनी मान हलवली.

"आमची पोस्टसुद्धा अशीच होती," म्हणाले. "सोपान पोस्ट. सोपान म्हणून एक शिपाई होता, बर्फाखाली गेला. पण आमच्या पोस्टवर नाही. तो गेला समोरच्या टेकडीवर. ती टेकडी पुढं सोडावी लागली. मग त्याचं नाव या बाजूला आणलं."

मी सांगितलं. घरमालकांच्या हातातली काठी थांबली.

"आणि हे सगळ्यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नवी तुकडी वर आली की पहिल्या दिवशी, चहाच्या आधी सांगायचे," बाबा म्हणाले. "ती समोरची टेकडी बघा, सोपान तिथं गेलाय, इथं नाही. लपवायचं काय त्यात?"

"आणि सांगितलं नसतं तर?"

बाबांनी थोडा विचार केला. "तर मग नुसती पाटी राहिली असती. नाव नाही."

हे भाषांतर मी जमेल तसं केलं. घरमालक उठले, घराकडे चालू लागले, आणि पिवळी रेघ ओलांडून सरळ भिंतीतून बाहेर गेले. मी बाबांचा हात धरला. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच दुपारी कॉफी आणि प्लमच्या केकला त्यांनी आम्हाला बागेत बोलावलं. केक कापला, सगळे तुकडे अर्थातच सारखे. मग म्हणाले, "मी वीस वर्षांचा होतो. खात्यात लागून जेमतेम अडीच महिने झाले होते."

त्यांच्या आजोबांनी डुकरांचा जुना गोठा पाडायला काढला होता. उंबऱ्याचा दगड उलटा केला तर खाली अक्षरं. शाळामास्तर धावत आले, "हा सापडला कुठे?" तो दगड आजोबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी टेकडीपलीकडच्या दुसऱ्याच्या शेतातून उचलून आणला होता, बैलगाडीत घालून, कुणालाही न विचारता. नातवाला ते माहीत होतं. आजोबांनी त्याला जागाही दाखवली होती, नाशपातीच्या झाडापासून नऊ पावलं. पण मास्तरांपुढे आजोबांनी पाइप उचलला आणि समोरच्या कुरणाकडे केला. "तिथे." चोरी अंगाशी येऊ नये म्हणून, बाकी काही नाही.

"पुढच्या आठवड्यात खात्याने मला पाठवलं. गावचाच मुलगा, दगड सापडल्याची जागा नकाशावर घेऊन ये म्हणून. मी यंत्र लावलं. बिंदू घेतला. सेंटिमीटरपर्यंत अचूक." त्यांनी केकची सुरी पुसून बाजूला ठेवली. "जिथे काहीच सापडलं नव्हतं तिथला. माझ्या नोकरीतला तो पहिला बिंदू."

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या हो, आजोबांसाठी केलंत. पण ते पुढे बोलत राहिले. बावीस वर्षांनी टेकडीपलीकडच्या त्या शेतात खडीची खाण काढायची ठरली. हद्दीच्या खुंट्या ठोकायला भूमापन खात्याचा माणूस लागतो.

"तुम्ही गेलात?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मीच. आजोबा तेव्हा हयातही नव्हते. पण मी आता अनुभवी अधिकारी होतो. अनुभवी अधिकाऱ्याचा पहिला बिंदू खोटा कसा असेल?" त्यांनी बशीतला तुकडा काट्याने बारीक बारीक केला. "मशिनं लागली. तिथे मनोरा असेल, थडगी असतील, सेकुंडुसचे सोबती असतील. कुणी पाहिलं नाही. पाहायची जागा मी इकडे दाखवून ठेवली होती ना. आता तिथे पाणी आहे. लोक पोहतात."

मला राग आला. उगाच कशाला लपवू? मुलांच्या बुटांत खडे टाकणारा, 'साधारण' शब्दावर माणसांना झापणारा, रडणाऱ्या पोरीला सेकुंडुसच्या हिवाळ्याने धीर देणारा हा माणूस. सगळं एका खोट्या टिंबावर उभं होतं. मी कप खाली ठेवला तो जरा आपटलाच. त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले की सप्टेंबरअखेर कुरणात धातूची नवी पाटी बसायची आहे, त्यावरचा पडदा त्यांनीच काढायचा आहे. "आता ते धातूत लिहिणार. सांगितलं तर नाव जाईल आणि तो कुठलाच राहणार नाही. त्याची खरी जागा मी बुडवली. न सांगितलं तर..."

"काय म्हणतात सर्वेसाहेब?" बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. बाबांनी तोंडातला केक शांतपणे संपवला.

"त्यांना म्हणावं, उशीर झाला तरी रिपोर्ट द्यावा लागतो. नावाचं काय व्हायचं ते वरचे बघतील."

चार दिवसांनी त्यांनी कोट घातला आणि मला साक्षीदार म्हणून घेऊन पुरातत्त्व कचेरीत गेले. हातात टाइप केलेला कागद होता, वर मथळा 'दुरुस्तीबाबत'. तिथल्या डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या, लहानपणी शाळेच्या सहलीत बुटात खडा घालून चाललेल्या. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, उठून खिडकीशी गेल्या.

"दगड कुरणातला नाही, अशी आम्हाला शंका होती," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या साहेबांनाही होती. मी त्या कुरणात दोनदा खणलं. एकही थडगं नाही. छावणीच्या आत कुणी मेलेला पुरत नाही."

"मग मला विचारलं का नाहीत?" घरमालकांचा आवाज चढला. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं, भिंतीवरून सोडून. "इतकी वर्षं मला बोलू दिलंत!"

बाई वळल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

त्यांनी उत्तराला बराच वेळ घेतला, आणि मला तो वेळ फार आवडला, कारण ते खरंच आठवून बघत होते.

"नाही," ते म्हणाले.

पाटीचं काय झालं ते आताच सांगते. ती आजही तिथे आहे. नाव राहिलं. गावच्या सभेत वाद झाला, सरपंच लाल झाले, पण डॉक्टरबाई ठाम राहिल्या. पाटीवर लिहिलंय की सेकुंडुस इथे पुरलेला नव्हता, त्याचा दगड टेकडीपलीकडून आला, ती जागा आता पाण्याखाली आहे, आणि चुकीची नोंद कुणी केली. खाली घरमालकांचं पूर्ण नाव आणि हुद्दा. ते त्यांनीच हट्टाने घालायला लावलं. पडदा काढताना त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काही म्हाताऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. बेकरीवाली मात्र बोलत राहिली. मी पुढे कार्ल्सरूहेला नोकरी धरली, आणि ते गेल्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले होते. शाळेतली पोरं आली होती, लंगडत चालली होती. खडे कुणी घातले होते बुटांत, ते मी विचारलं नाही.

पण त्यांची आठवण आली की मला पाटी दिसत नाही. मला तलावाचा दिवस दिसतो.

कचेरीतून निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की दुरुस्ती करायची तर खऱ्या जागेची नोंद लागेल. मी फोन काढून म्हटलं, नकाशावर दाखवा, मी आत्ता पाठवते. घरमालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन परत पर्समध्ये टाकला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं टेकडीपलीकडे गेलो. मी तिपाई घेतली होती, बाबांनी टेप आणि तांबडी-पांढरी काठी. मोजणीचं जुनं यंत्र घरमालकांनी स्वतःच छातीशी धरलं होतं. खाणीचा तलाव मोठा होता, हिरवा, कडेला पॉप्लरची झाडं. ऊन कोवळं होतं, पाण्यावर वाफेचा पातळ थर होता. दूरच्या काठावर दोघंतिघं पोहत होते. त्यांचे आवाज पाण्यावरून यायचे, पण शब्द कळायचे नाहीत.

काठाला हद्दीचा एक दगड शिल्लक होता. त्यांनीच रोवलेला. त्यावर यंत्र लावलं, घरी जुन्या नकाशांवरून मांडलेल्या गणितातला कोन लावला, आणि यंत्राच्या दुर्बिणीशी मला उभं केलं. "मी रेषेवर आलो की सांगायचं. साधारण नाही."

मग त्यांनी बूट काढले, मोजे बुटांत नीट घालून ठेवले, पँट वर दुमडली आणि काठी घेऊन पाण्यात उतरले. मी म्हटलं, "अहो, नको, मी जाते." ऐकलं नाही. बाबा काठावर टेपचं टोक धरून बसले होते. टेप त्यांच्या हातून सरकत पाण्यात चालली होती. खाली खडीचा उथळ बांध होता म्हणून बरं. पाणी घोट्याला, पोटरीला, मग गुडघ्याच्या वर.

दुर्बिणीत ते अगदी जवळ दिसत होते. पांढरे केस, हलणारे ओठ. पावलं मोजत असावेत.

"डावीकडे," मी ओरडले. "अजून. अजून थोडं. परत उजवीकडे, बोटभर. थांबा!"

"टेप?" त्यांनी ओरडून विचारलं. बाबांनी आकडा इंग्रजीत सांगितला, फौजी आवाजात. तेवढंच हवं होतं. त्यांनी काठी खडीत रोवली, दोन्ही हातांनी धरली, तिच्यावरच्या काचनळीतला बुडबुडा बघून सरळ केली. दुर्बिणीतल्या उभ्या तारेवर काठी तंतोतंत बसली.

"घेतला का?"

"घेतला!" मी वहीत लिहिलं.

आता त्यांनी बाहेर यायला हवं होतं, पण ते आले नाहीत. तिथेच उभे राहिले, गुडघाभर पाण्यात, खाली बघत. त्यांच्याभोवती वाफ हळूहळू सरकत होती. पोहणाऱ्यांचे आवाजही थांबले होते. मला वाटलं ते रडताहेत. दुर्बिणीतून बघायचं धाडस झालं नाही, म्हणून मी डोळा बाजूला केला.

बाबा उठून उभे राहिले. टेपचं टोक त्यांनी दगडाखाली दाबलं, शर्ट ओढून सरळ केला, टाचा जुळवल्या. आणि परेड मैदानावर हजेरी घेतात त्या आवाजात पाण्याकडे तोंड करून ओरडले, "सिपाही सेकुंडुस!"

आवाज तलावावरून पलीकडे गेला, झाडांवर आपटला आणि परत आला. मग काहीच नाही. बाबा तसेच ताठ उभे होते, हजेरी घेणारा थांबतो तसे. मला काय करावं कळेना. घरमालकांनी मान वर केली. ते कधी सैन्यात नव्हते, ही भाषा त्यांना येत नव्हती, पण नाव कळलं होतं. त्यांनी काठी घट्ट धरली आणि खांदे मागे घेतले.

"हियर!" ते पाण्यातून ओरडले.

बाबांनी मान हलवली आणि टेप गुंडाळायला घेतली.